गाडीचं गाऱ्हाणं : पॅड नवे, अन् डिस्कवर तांबेरा

प्रश्न : भाऊ, माझी हॅचबॅक आठ वर्षं जुनी आहे. मागच्या आठवड्यात जळगावला पुढचे ब्रेक पॅड बदलले. मग दोन दिवस इकडे पाऊस आणि गाडी निंबाखाली उभी. तिसऱ्या दिवशी पाहतो तर पुढच्या दोन्ही डिस्क लालभडक, गव्हावर तांबेरा पडतो ना तशा. निघताना खर्र खर्र आवाज, चौकात पोचेस्तोवर बंद. गॅरेजवाल्याला फोटो पाठवला तर म्हणे डिस्क बाद झाल्या, दोन्ही नव्या टाका. आता आठवडाभर गाडी चालवतोय, पण उजव्या चाकाला आतल्या बाजूने गंजाचा पट्टा अजून तसाच आहे. काय करू? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : थांबा भाऊ, एवढ्यात खिशात हात घालू नका. डिस्क म्हणजे चाकासोबत फिरणारी चकती, पॅड तिलाच दाबून गाडी थांबवतात, आणि ती असते बिडाची. घरातला बिडाचा तवा रात्री ओला ठेवला तर सकाळी लाल होतो की नाही, तेच हे. डिस्कच्या घासायच्या भागाला रंग देता येत नाही, दिला तरी पहिल्याच ब्रेकला निघून जाईल, म्हणून पाऊस पडला की गाडी धुतली की गंज येणारच. चार-सहा ब्रेक मारले की पॅडच तो खरडून काढतात, तुमचा खर्र खर्र आवाज तोच होता. मधल्या टोपीवर आणि कडेला जो गंज राहतो तिथे पॅड लागतच नाही, त्याच्याकडे बघायचं पण नाही.

आधी असं दिसत नव्हतं म्हणाल, तर आधी तुम्ही चाकात डोकावून कधी पाहिलं होतं? दुसरं म्हणजे जुना पॅड आणि जुनी डिस्क एकमेकांना घासून घासून जुळलेले असतात, रेघेत रेघ. नवा पॅड सपाट, तो आधी उंचवट्यालाच टेकतो आणि रेघांमधला गंज काही दिवस तसाच राहतो. दोन-तीनशे किलोमीटर जाऊ द्या. सकाळी रस्ता मोकळा असताना, मागे कोणी नाही बघून, साठच्या स्पीडवरून दहा-पंधरापर्यंत बेताने ब्रेक दाबा, पूर्ण थांबू नका, मध्ये थोडं चालवून डिस्क गार होऊ द्या, असं आठ-दहा वेळा. नवे पॅड टाकून लगेच फॅमिली भरून कन्नड घाट उतरायला मात्र जाऊ नका.

आता खरा मुद्दा, उजव्या चाकाचा पट्टा. आठवडाभर चालवूनही घासायच्या जागेवर गंज राहतो म्हणजे तिथे पॅड दाबलाच जात नाहीये. पॅड बदलल्यावर हे होतं त्याचं नेहमीचं कारण सांगतो: पॅडचे दोन कान ब्रॅकेटच्या (पॅड धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या) खाचेत सरकतात, त्या खाचेत गंज साचलेला असतो, आणि घाईतला मेकॅनिक तारेचा ब्रश न मारता नवा पॅड हातोडीने ठोकून बसवतो. मग तो कान अडकून बसतो, पॅडला मागून ढकलणारा पिस्टन दाबला तरी पॅड नीट सरकत नाही. चाक खोलायला लावा, तो पॅड हाताने सरकतो का बघा. सरकत नसेल तर खाच साफ करून घ्या, कॅलिपर (पिस्टन ज्यात असतो तो डिस्कवरचा चिमटा) ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना काढून पुसून ब्रेकचंच ग्रीस लावा (साधं ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं), पिस्टन मोकळा मागेपुढे होतो का तेही बघायला सांगा. हे काम डिस्कच्या मानाने फारच स्वस्तातलं आहे, म्हणून कोणी आपणहून सुचवत नाही, काय करता!

डिस्क खरंच बाद झाली की नाही ते फोटोवरून कळतच नाही. मिनिमम जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो, घासायच्या जागी मोजून त्याखाली गेली असेल, तडा असेल किंवा गंजाने खड्डे पडले असतील तर बदला, आणि बदलायच्या तर दोन्ही बाजूच्या. नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने धुऊनच बसवायची.

आणि हो, पावसाळ्याआधी वॉशिंग सेंटरवाले गाडीखाली काळं तेल मारतात ना, चाकाजवळ मारू देऊ नका. गंज घालवायला म्हणून डिस्कवर तेल किंवा स्प्रे मारणारे महाभाग पण पाहिलेत मी. पॅडने तेल पिलं की तो पॅड फेकायचाच.

प्रश्न : पावसात गाडी पंधरा दिवस उभी होती, हँडब्रेक सोडला तरी मागचं चाक जाम! (एक वाचक, शहादा)

उत्तर : मागच्या चाकातल्या ब्रेकच्या ड्रमला, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डब्याला, आतून घासणारं लायनिंग चिकटलंय. फर्स्ट आणि रिव्हर्समध्ये आलटून पालटून हळू झटका द्या, बहुतेक वेळा टक्क आवाज होऊन सुटतं. नाही सुटलं तर रेस मारत बसू नका, मेकॅनिकला घरी बोलवा. पुढच्या वेळी जास्त दिवस उभी करायची असेल तर सपाट जागेवर गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा, हँडब्रेक ओढूच नका. फक्त निघताना दगड काढायचं लक्षात ठेवा, मी एकदा विसरलो होतो.