कोकणात एकही ठिपका नाही, असं लिहिण्याआधी

दापोली

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू प्रबंधासाठी केलेला जुन्या पेटंटांचा नकाशा काल रात्री निवांत पाहिला, एका पेटंटला शोधकाच्या गावी एक ठिपका. कलकत्ता आणि मुंबई ठिपक्यांनी काळी झाली आहेत आणि आपली किनारपट्टी डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत जवळजवळ कोरी आहे. काम कष्टाचं आहे, हे प्रत्येक नोंदीवरून कळतं. पण खाली तू एक ओळ लिहिली आहेस, ‘कोकणात शोधवृत्तीचा अभाव’. ती ओळ आधी खोड. मग पुढचं वाच.

पेटंटची नोंद म्हणजे डोक्यात कल्पना आली त्या क्षणाची नोंद नव्हे. कुणीतरी अर्ज लिहिला, फी भरली, पत्ता दिला, सरकारने तो वहीत चढवला, तेव्हा ती नोंद झाली. आपल्याकडचा असा पहिला कायदा १८५६ चा. त्याखाली जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या इंजिनिअरने ३ मार्च १८५६ ला अर्ज केला, तो पंखा ओढायच्या यंत्रासाठी. डीपेनिंग राहायचा कलकत्त्यात आणि सरकारी कचेरीही कलकत्त्यातच. त्याच्यासाठी अर्ज ही शहरातल्या शहरातली गोष्ट होती. गुहागरच्या माणसाने विहिरीच्या रहाटात काही सुधारणा केली असती तर त्याला आधी इंग्रजी लिहिणारा शोधावा लागला असता, मग मुंबई गाठावी लागली असती, आणि कागद कलकत्त्याला जायचा तो त्यानंतर. तो कायदासुद्धा राणीची मंजुरी न घेता केला म्हणून १८५७ मध्ये रद्द झाला, नवा आला १८५९ ला. तुझ्या तक्त्यात या दोन वर्षांत जो खड्डा दिसतो त्याचा लोकांच्या बुद्धीशी काही संबंध नाही.

आता कुलाब्याचं. तुझ्या नकाशात ‘कुलाबा’ लिहिलेली प्रत्येक नोंद मुंबईच्या दक्षिण टोकाला पडली आहे. संगणकाचा यात दोष नाही, त्याला एकच कुलाबा माहीत आहे. अलिबाग, पेण, महाड ज्या जिल्ह्यात आहेत त्याचं नाव १९८१ पर्यंत कुलाबाच होतं, नंतर रायगड झालं. मीही एकदा हेच केलं होतं. अठरा नोंदी मुंबईच्या खात्यात टाकल्या आणि तालुक्याचं नाव वाचायचे कष्ट घेतले नाहीत. भर म्हणजे मुंबईच्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळाही विजेच्या ट्रामचा त्रास नको म्हणून १९०४ साली अलिबागला, म्हणजे दुसऱ्या कुलाब्यात आली! तेव्हा नुसत्या गावाच्या नावावर विसंबू नकोस. तालुका, पोस्ट, जिल्हा, सगळं एकत्र वाच. जुन्या इंग्रजी स्पेलिंगची वेगळी यादी कर, ठाण्याचं ‘टॅना’ आणि रत्नागिरीचं ‘रटनाघेरी’ तुला भेटणारच. आणि सिंधुदुर्ग हा जिल्हा १ मे १९८१ चा आहे. १९२० च्या नोंदी आजच्या जिल्ह्यांच्या रेघांत बसवून त्यांची बेरीज करू नकोस.

सावंतवाडी आणि मुरुड-जंजिरा कोरे का, याचा तू विचारच केलेला नाहीस. ही संस्थानं होती. १९११ चा पेटंट कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. तिथल्या कोऱ्या जागेला वेगळा रंग दे आणि सूचीत लिही, ‘कायदा लागू नव्हता’.

अमेरिकेच्या नोंदी घेते आहेस ते चांगलं आहे. पेत्रालिया, बालांड आणि रिग्बी या संशोधकांनी १८३६ ते १९७५ ची अमेरिकन पेटंटं वाचायला संगणकाला शिकवलं आणि शोधकांची गावं कौंटीनुसार, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांनुसार, बसवली. ते २०१६ चं काम बारकाईने पाहा, चुका कशा तपासल्या ते विशेष. १८३६ च्या आधीचं मात्र जपून. त्या वर्षी १५ डिसेंबरला वॉशिंग्टनच्या कचेरीला आग लागली, सुमारे दहा हजार पेटंटांचे कागद गेले आणि त्यातले जेमतेम २,८०० पुन्हा हाती लागले.

एक पेटंट मात्र माझ्यासाठी ओळ न् ओळ वाच: क्रमांक ७,५५,८४०, तारीख २९ मार्च १९०४, जगदीशचंद्र बोस यांचं. मथळ्यात शोधकाचा पत्ता कलकत्ता आहे. लगेच पुढे लिहिलंय की निम्मा हक्क सारा चॅपमन बुल यांच्याकडे, पत्ता केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स. तुझा ठिपका कुठे पडणार? हक्कदाराच्या पत्त्यावर टाकलास तर बंगालमधला शोध अर्धा अमेरिकेत जाईल. शंकर आबाजी भिसे या शोधकाचंही तसंच. जन्म मुंबईचा, १८६७ चा. टाइप ओतायच्या यंत्रावरचं काम लंडनमध्ये आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये, मृत्यूही १९३५ ला न्यूयॉर्कमध्येच. नुसत्या पत्त्यांच्या नकाशात हा माणूस मराठी मुलखातून पुसलाच जातो. म्हणून शोधकाचा पत्ता, हक्कदाराचा पत्ता आणि वकिलाचा पत्ता यांचे तीन रकाने ठेव. जन्मगाव सापडलं तर चौथा.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. आमच्या परसातल्या रोपवाटिकेत पावसाच्या सुरुवातीला कलमं बांधायला एक बाई येतात. रुजलेल्या कोयीचा तांबूस कोवळा कोंब त्या चार बोटं ठेवून छाटतात, मधोमध चीर देतात, हापूसची काडी पाचरीसारखी तासून त्यात बसवतात आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळतात. मिनिटभराचं काम. काडी कुठल्या फांदीची, किती जून, पट्टी किती ताणायची, हे त्यांच्या बोटांना कळतं. यातली एखादी नवी युक्ती त्यांनी उद्या काढली तरी ती तुझ्या नकाशात येणार नाही. आपल्या कलमांना पेटंटच्या वहीत जागा का नाही, याचं उत्तर कायद्याच्याच एका कलमात आहे. १९७० च्या कायद्याचं कलम ३ शेतीच्या आणि फळबागेच्या पद्धतीला शोध मानतच नाही. अवजाराला मानतं. म्हणजे आंबा उतरवायच्या झेल्यात कुणी नवी करामत केली तर ती वहीत येऊ शकते, कलम बांधायच्या पद्धतीत केली तर नाही. ज्या मुलखाचं पोट बागायतीवर आहे त्याची केवढी हुशारी या एका ओळीने नकाशाबाहेर राहते, याचा हिशेब तुझ्या प्रबंधात यायला हवा.

जे वहीत येऊ शकतं तेही सगळं येत नाही. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात ब्रिटिशांनी मांडलेल्या वस्तूंपैकी साधारण ११ टक्के वस्तूंनाच पेटंट होतं, हे पेट्रा मोझर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी नोंदी ताडून दाखवलं. आणि हे पेटंटचं माहेरघर असलेल्या देशात!

म्हणून नकाशाला दुसरा थर जोड. इथल्या कृषी विद्यापीठाच्या अवजारांच्या नोंदी घे, ‘नूतन झेला’ आपल्या दापोलीचाच आहे. २००१ च्या कायद्याखालची पिकांच्या वाणांची नोंदवही पाहा. भौगोलिक मानांकनांची, म्हणजे अमुक माल अमुक भागाचाच अशी नोंद असलेली, यादी पाहा, हापूसचं २०१८ चं आहे. मानांकन म्हणजे शोधाचा दाखला नव्हे, तेव्हा त्याचं चिन्ह वेगळं ठेव, ठिपक्यांत मिसळू नकोस.

शिमग्याला तू गावी येणारच आहेस. पालखी नाचवून झाली की दोन दिवस काढून इकडे ये. तेव्हा पहिले आंबे उतरत असतील. आमच्या गड्याने झेल्याचं पातं थोडं तिरकं बसवून घेतलंय, देठ राहतो आणि चीक फळावर ओघळत नाही. ते पातं खालच्या आळीतल्या लोहाराने केलं. त्याच्याकडे तुला घेऊन जाईन. वही आण, मोजपट्टी आण, आणि पातं नेमकं किती तिरकं आहे ते त्याच्यासमोर बसून उतरवून घे.

तुझा,
सर