अंधेरी-बीकेसीतल्या कॉर्पोरेट ऑफिसमध्ये काम करणाऱ्यांनी युनियन करावी का?

हो, करावीच, आणि लोकांना कामावरून काढायला सुरुवात व्हायच्या आधी करावी. मी बँकेत युनियनचं काम बघतो म्हणून सांगतो, आमचा पगार, सुट्ट्या, कामाचे तास हे आयबीए म्हणजे बँकांच्या संघटनेबरोबर (इंडियन बँक्स असोसिएशन) बसून करार करून ठरतात, एकेकट्याने एचआरच्या केबिनमध्ये जाऊन नाही, आणि आम्हीपण एसीत बसून कॉम्प्युटरवरच काम करतो ना, मग आयटीवाल्यांनी किंवा इन्शुरन्सवाल्यांनी का मागे राहायचं? मुंबईत युनियन म्हटलं की लोकांना १९८२ चा गिरणी संप आठवतो आणि घाबरतात, पण युनियन म्हणजे रोज संप नव्हे, नव्वद टक्के काम बोलणी आणि पत्रव्यवहाराचं असतं. संघटना करायचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्येच आहे. रजिस्ट्रेशनला किमान ७ सभासद लागतात, शिवाय सभासदांची संख्या कंपनीतल्या कामगारांच्या १० टक्के किंवा १००, यातलं जे कमी असेल तेवढी तरी हवी. एक मात्र लक्षात ठेवा, कामावरून काढल्यावर कामगार कायद्याखाली दाद मागायची तर तुम्ही कायद्याने 'कामगार' ठरायला हवं, खरोखर मॅनेजरचं काम करणारे त्यात येत नाहीत. पण नुसता हुद्दा मॅनेजरचा असेल तर घाबरू नका, कोर्ट प्रत्यक्ष काम काय करता ते बघतं, त्यामुळे आपल्या कामाचे ईमेल, केआरए (तुमच्यावर सोपवलेल्या मुख्य कामांची यादी) जपून ठेवा.