नव्या गाडीचं अ‍ॅव्हरेज : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : दिवाळीत टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली. शोरूममध्ये १८ चं अ‍ॅव्हरेज सांगितलं होतं. गाडीच्या स्क्रीनवर १२ दिसतं आणि पंपावर हिशेब केला की ११ च्याही खाली येतं. रोजचं जाणं-येणं जुळे सोलापूर ते नवी पेठ, एका बाजूला साधारण सहा किलोमीटर. शोरूमवाले म्हणतात, ‘दोन सर्व्हिसिंग होऊ द्या.’ गाडीत दोष आहे का?
– वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बहुधा नाही. १८ हा आकडा एआरएआयच्या, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीतला. ही चाचणी रस्त्यावर होत नाही, रोलरवर होते. सुमारे वीस मिनिटांची, कमाल वेग ९०, एसी बंद. तिच्यात शहरी वेगाचा भाग असतो. पण आसरा चौकातला सिग्नल, मे महिन्याची दुपार आणि मागच्या सीटवरची तीन माणसं नसतात. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला हा आकडा चांगला. महिन्याचा पेट्रोलचा खर्च त्यावरून काढू नये.

तुमच्या सहा किलोमीटरचा हिशेब मांडून बघा. गाडी चालती असताना शहरात १४ चं अ‍ॅव्हरेज धरलं, तर सहा किलोमीटरला ४३० मिली पेट्रोल लागेल. वाटेत सिग्नल आणि गर्दी मिळून आठ मिनिटं गाडी उभी राहिली आणि एसी चालू असला, तर ताशी एक लिटरच्या हिशेबाने आणखी १३० मिली. एकूण ५६० मिली, म्हणजे अ‍ॅव्हरेज १०.७. त्यात इंजिन कामाच्या तापमानाला येईपर्यंतचे पहिले दोन-तीन किलोमीटर जास्तच पेट्रोल पितात, आणि तुमचा अर्धा रस्ता तर तेवढ्यातच संपतो. तुमचा ११ च्या आतला आकडा म्हणजे गाडी जे करायला हवं तेच करते आहे.

स्क्रीनवरचं अ‍ॅव्हरेज पाच ते दहा टक्के गोड असतं. गाडी लिटर मोजत नाही. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळ उघडा राहिला त्यावरून अंदाज काढते. खरा आकडा टाकी ते टाकीच मिळतो. एकच पंप, शक्यतो तेच नोझल. नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की थांबायचं. ‘राउंड फिगर करू का?’ या प्रश्नाला ठाम नाही म्हणायचं. ट्रिप मीटर शून्य करायचा, गाडी किमान ४०० किलोमीटर चालवायची, पुन्हा तसंच भरायचं आणि किलोमीटरला लिटरने भागायचं. शंभर किलोमीटरवर हिशेब करू नका. भरताना एक लिटर इकडे-तिकडे झालं तर शंभर किलोमीटरला उत्तर १२ टक्क्यांनी चुकतं. चारशेला चूक तीन टक्क्यांवर येते.

सर्व्हिसिंगनंतर वाढेल या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. इंजिन आणि टायर मोकळे होतात, पहिल्या तीन-चार हजार किलोमीटरनंतर अर्धा-पाऊण किलोमीटर वाढू शकतो. ११ चे १८ होणार नाहीत.

शंका मिटवायची असेल तर एकदा हायवेला मोजा. चार माणसं, एसी चालू, वेग ८० च्या आसपास : अशा गाडीने १५ ते १७ द्यायला हवेत. तिथेही १३ च्या खाली आलं, तर मग शोधा. उतरल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार गरम वाटलं किंवा करपट वास आला तर त्या चाकाचा ब्रेक अडकतोय. इंजिनाचा तापमान काटा हायवेलासुद्धा मध्यावर येत नसेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं पाणी थंड व्हायला सोडणारी झडप, उघडाच राहिलाय. इंजिन स्वतःला थंड समजतं आणि जास्त पेट्रोल मारतं. सर्व्हिस सेंटरला स्कॅनर लावून ‘लाँग टर्म फ्यूल ट्रिम’, म्हणजे इंजिन ठरलेल्यापेक्षा किती टक्के कमी-जास्त पेट्रोल मारतंय तो आकडा, दाखवायला सांगा. इंजिन गरम असताना तो उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांत असेल तर इंजिनाचं पेट्रोल-हवेचं गणित जागेवर आहे. हा आकडा विचारणाऱ्या ग्राहकाला ‘दोन सर्व्हिसिंग होऊ द्या’ असं सहसा कोणी सांगत नाही.

प्रश्न : सोलापूर-पुणे महिन्यातून दोनदा होतं. ८० ने गेलं की १००-११० ने, पेट्रोलमध्ये नेमका किती फरक? आणि जाताना अ‍ॅव्हरेज कमी, येताना जास्त असं का होतं?
– वाचक, बाळे

उत्तर : हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० चे १०० केले तर तो ५६ टक्के वाढतो, ११० केले तर जवळजवळ ९० टक्के. एसयूव्ही उंच आणि समोरून चौकोनी, त्यामुळे सेडानपेक्षा तिला हे जास्त भोवतं. ८० ला १९ देणारी गाडी १०० ला साधारण १५ आणि ११० ला साडेतेरावर येते. सुमारे २५० किलोमीटरचा रस्ता धरला तर ८० ला १३ लिटर, १०० ला साडेसोळा, ११० ला साडेअठरा. सलग १०० ने जाता आलं तर कागदावर ३८ मिनिटं वाचतात. प्रत्यक्षात टोल, टेंभुर्णी-इंदापूरचा चहा आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या यांत त्यातली निम्मी तरी जातात. आमच्या मते या रस्त्याला ९० हा बरा मध्य.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाऱ्यात आहे. सोलापूरहून पुण्याला जाताना गाडीचं तोंड वायव्येकडे असतं. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा जोरात वाहतो, आणि भिगवणजवळ उजनीच्या पाण्यालगत तो अडवायला काहीच नसतं. समोरून २० च्या वेगाने वारा असेल तर ८० ने जाणाऱ्या गाडीला हवेचा अडथळा १०० एवढा होतो. येताना तोच वारा मागून ढकलतो. म्हणून जाऊन-येऊन मिळून मोजा. टपावर रिकामं कॅरिअर ठेवून फिरत असाल तर ते आधी काढा, बाराही महिने ते असंच काम करतं.

प्रश्न : पंपावर आता ई-२० पेट्रोलच मिळतं. त्याने अ‍ॅव्हरेज कमी होतं म्हणतात. खरं किती?
– वाचक, बार्शी

उत्तर : ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. वीस टक्के मिसळलं की लिटरमागे ऊर्जा साधारण सहा ते सात टक्के घटते. पण आपण शुद्ध पेट्रोल बऱ्याच वर्षांपूर्वी सोडलंय, त्यामुळे तुलना ई-१० शी करायला हवी. तिथे फरक साडेतीन टक्क्यांचा. १५ देणारी गाडी साडेचौदा देईल. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो. त्याचा फायदा घेईल असं जुळवलेलं नवं इंजिन यातला थोडा भाग भरून काढतं.

तेव्हा १५ चे १२ झाले असतील तर इथेनॉलला दोष देऊन थांबू नका, कारण दुसरं आहे. उसाच्या जिल्ह्यात राहून इथेनॉलवर रागावणंही तसं अवघडच! काळजी एवढीच घ्या की गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर जुनं पेट्रोल टाकीत साठवून ठेवू नका, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. महागडं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल गाडीच्या पुस्तिकेत मागितलं नसेल तर अ‍ॅव्हरेजसाठी घालू नये, पैसे निघत नाहीत.

प्रश्न : गाडी रुबाबदार दिसावी म्हणून २१५/६० आर १६ च्या जागी २१५/६५ आर १६ टायर बसवले. अ‍ॅव्हरेज दीड किलोमीटरने उतरलं. हवा कमी-जास्त करून फरक पडेल का?
– वाचक, अकलूज

उत्तर : यातलं थोडं उतरणं खोटं आहे. जुन्या टायरचा व्यास ६६४ मिलिमीटर, नव्याचा ६८६; म्हणजे ३.२ टक्के मोठा. चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते, पण ओडोमीटरला ते ठाऊक नसतं. मीटरवर ४०० दिसतात तेव्हा तुम्ही खरं तर ४१३ चालला असता. आधी आकडा १.०३ ने गुणा. उरलेली घट टायरच्या वजनाची आणि त्याच्या रबराची. ती हवेने परत येणार नाही. स्पीडोमीटरही आता आधीपेक्षा कमी वेग दाखवतो, कॅमेऱ्यापुढून जाताना हे ध्यानात असू द्या.

हवा मात्र जरूर बघा. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतं, त्यावरचा आकडा खरा. पंक्चरवाल्याच्या सवयीचा ‘सगळ्यांना ३५’ नको. चारही टायरमध्ये एक पीएसआय कमी असेल तर पेट्रोल सुमारे ०.२ टक्के जास्त लागतं, म्हणजे पाच पीएसआयला एक टक्का. टायर मात्र कडेने झिजतात, आणि ते नुकसान पेट्रोलपेक्षा महाग. हवा सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना तपासा. उन्हात तापलेल्या टायरमध्ये तीन-चार पीएसआय जास्त दिसतात. ते पाहून हवा काढली की दुसऱ्या दिवशी टायर कमी हवेवर पळतात.

प्रश्न : डिझेल एसयूव्ही आहे. चिंचोळी एमआयडीसीत घर आणि कारखाना जवळजवळ, रोज पाच-सहा किलोमीटरच चालते. अधूनमधून अ‍ॅव्हरेज एकदम पडतं, गाडी उभी असताना फॅन जोरात फिरतो.
– वाचक, चिंचोळी

उत्तर : ते डीपीएफचं, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं, रीजनरेशन (स्वतःची सफाई) आहे. सायलेन्सरच्या वाटेवरच्या फिल्टरमध्ये काजळी साठली की गाडी जादा डिझेल जाळून ती पेटवते. मध्येच चावी बंद केली की काम अर्धवट राहतं, पुढच्या वेळी पुन्हा सुरुवात, पुन्हा जादा डिझेल. आठवड्यातून एकदा मोहोळपर्यंत जाऊन या. वीस मिनिटं ६०-८० चा वेग, एक गिअर खाली. फॅन जोरात चालू असताना आणि आयडलिंग वाढलेलं असताना शक्यतो बंद करू नका. डीपीएफचा दिवा लागूनही दुर्लक्ष केलं तर पुढे सर्व्हिस सेंटरलाच जबरदस्तीने रीजनरेशन करावं लागतं. एवढ्याच चालीसाठी गाडी घेणाऱ्याला आम्ही डिझेल सुचवणार नाही.

प्रश्न : तुळजापूरहून येताना घाट न्यूट्रलमध्ये उतरलो तर पेट्रोल वाचतं ना?
– वाचक, उळे

उत्तर : नाही. गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून उतरताना इंजेक्टर पूर्ण बंद होतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्यातच उतरा. तुळजापूर सोलापूरपेक्षा जवळपास दोनशे मीटर उंच आहे. तेराशे किलोची गाडी वर न्यायला साधारण ३०० मिली पेट्रोल जादा जातं, येताना त्यातलं बरंचसं वसूल होतं. देवीहून परतताना स्क्रीनवर दिसणारं २१ चं अ‍ॅव्हरेज कट्ट्यावर सांगायला ठीक आहे, हिशेबात धरू नका.