नाव झाकलं, बैल राहिला

भाऊ, जिनिंगवाला कापसाच्या वजनात कट मारतो, हे नवा ईमेल, खोटं नाव अन् व्हीपीएन वापरून लिहिलं तर गावात कळेल का, असं तुम्ही विचारलंय. कळेल. व्हीपीएन तुमचा आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा आकडा, साइटपासून झाकतो, पण जिनिंगवाला कुठं आयपी पाहणार आहे? तो मजकूर वाचेल.

मी हे करून बसलोय. टोपणनावानं लिहिलं, सोबत कापूस भरलेल्या बंडीचा फोटो टाकला, स्वतःला त्यातून कापून. दुसऱ्याच दिवशी टपरीवर एकजण म्हणाला, "काहो, पांढऱ्याचं शिंग वाकडंच हाय का अजून?" फोटोच्या कोपऱ्यात बैल राहून गेला होता.

हिशेब करून पाहा. बाराशे वस्तीचं गाव, त्यात कास्तकार दोन-अडीचशे. त्या मंगळवारी कापूस नेलेले चार. बावीस क्विंटल नेलेला एकच. तुम्ही 'मंगळवार' अन् 'बावीस' लिहिलं की खाली सही केल्यासारखंच.

हे खेड्यापुरतं नाही. २००६ मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीनं साडेसहा लाखांवर ग्राहकांनी काय काय शोधलं ते जाहीर केलं, नावांऐवजी आकडे घालून. ४४१७७४९ या आकड्यामागच्या बाईनं आपल्या गावातले बागकामवाले शोधले होते, आपल्याच आडनावाची माणसं शोधली होती. न्यूयॉर्क टाइम्सचे वार्ताहर थेट त्या बाईपर्यंत पोचले.

बोलीही चहाडी करते. कोथिंबिरीला 'सांभार' लिहिलं की वाचणारा पुणं-सातारा सोडून सरळ आपल्या विदर्भाकडं वळतो.

काटापावती, म्हणजे वजनाची पावती, टाकणार असाल तर नुसतं नाव खोडून भागत नाही. अनुक्रमांक, वेळ, गाडी नंबर, सगळं झाका. जिनिंगवाल्याकडं दुसरी प्रत असते. व्हॉट्सअॅपवर फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून धाडू नका, फोटोत जागेची नोंद असली तर ती तशीच जाते. अन् संपर्काला रोजचा मोबाइल नंबर तर बिलकुल नको. पैसे धाडायच्या अॅपात तो टाकला की बरेचदा बँकेतलं नाव समोर येते.

खरं सांगू? एवढी लपाछपी करण्यापेक्षा मी दुसऱ्या वेळी वैधमापन खात्याकडं, म्हणजे वजन-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडं, काट्याची तक्रार दिली. अकरा जणांच्या सह्या घेतल्या, माझी मधेच कुठंतरी. बैलाचं कोणी काढलं नाही.