रणरागिणी, मर्दानी की खमकी?

प्रश्न नाशिकच्या एका चित्रपट मंडळाचा आहे. साहसपटाच्या खेळासाठी त्यांना पत्रक काढायचंय. नायिका एकटी कडा चढते, बंद पडलेली जीप स्वतः चालू करते, खलनायकाला तोंडावर सुनावते आणि सुटकेसाठी नायकाची वाट पाहत बसत नाही. मसुद्यात तिला ‘स्वावलंबी रणरागिनी’ म्हटलंय. हे बरोबर आहे का, की ‘मर्दानी’ म्हणावं?

आधी शुद्धलेखन. रणरागिणी, ‘णी’च. संस्कृत शब्दात आधी र, ऋ किंवा ष आला आणि तिथून पुढच्या ‘न’पर्यंत फक्त स्वर, क-वर्ग, प-वर्ग, य, व, ह किंवा अनुस्वार असला, तर त्या ‘न’चा ‘ण’ होतो. रागिणीत ‘र’नंतर आ, ग, इ एवढंच आहे, वाट मोकळी. तरंगिणी, विरहिणी तसेच. कामिनी, योगिनी यांत ‘र’ नाहीच, म्हणून ‘न’ टिकतो. रचना, दर्शन, प्रार्थना यांत ‘र’ आहे, पण मध्ये च, श, थ आडवे आले, म्हणून तिथेही ‘न’च.

आता अर्थ. मराठी कानाला रागिणीत मराठी ‘राग’ ऐकू येतो आणि डोळ्यांपुढे रणात चवताळलेली बाई उभी राहते. पण हा राग ‘अनुराग’मधला, म्हणजे ओढ, आसक्ती. रणाची जिला ओढ ती रणरागिणी. म्हणजे शब्दाला रण लागतं, समोर शत्रू लागतो. कड्यावर एकट्या लोंबकळणाऱ्या बाईला तो लावला की पोकळ वाजतो. शिवाय पाण्यासाठी हंडा मोर्चा निघाला तरी मथळ्यात ‘रणरागिणी’ येतेच. शब्द पार गुळगुळीत झालाय.

‘मर्दानी’ फारसीतल्या ‘मर्द’वरून आला. मर्दानी खेळांत तो शोभतो. नायिकेला लावला की तिचं धाडस पुरुषांकडून उसनं आणल्यासारखं होतं, आणि इथे सगळा मुद्दाच ती काही उसनं घेत नाही हा आहे. ‘वीरांगना’ही टाळा: राजस्थानात तो शब्द आज हुतात्मा जवानाच्या पत्नीसाठी वापरतात. ‘निर्भीड’ भीतीशी जोडला जातो, पण त्यात ‘भीड’ आहे, म्हणजे संकोच, मुलाहिजा. निर्भीड पत्रकार असतो. दरीला न घाबरणारी ती निर्भय.

‘स्वावलंबी’ व्याकरणाने बिनचूक, पण त्याला बचत गटाचा, शिलाई मशीनचा वास आहे. मराठीत हा शब्द पोटापाण्याशी बांधला गेलाय. ‘स्वतःच्या पायावर उभी’चंही तेच. साहसपटातल्या स्वावलंबनाला मराठीत नेमका वाक्प्रचार आहे: ती दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पीत नाही. निर्णयही स्वतःचा, निस्तरणंही स्वतःच. गोदाकाठच्या वाचकाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

उरलेली विशेषणं एकमेकांच्या जागी ठेवता येत नाहीत. ती नेमकी कशापुढे उभी आहे, ते पाहून शब्द निवडावा. हरिहर किल्ल्याच्या जवळजवळ उभ्या, कातळात कोरलेल्या पायऱ्या घ्या. खाली दरी असताना पहिलं पाऊल टाकते ती धाडसी किंवा धीट. (धीट संस्कृत ‘धृष्ट’वरून आला. हिंदीत त्याच मुळाचा ‘ढीठ’ झाला, म्हणजे निर्लज्ज, हट्टी. त्यामुळे हिंदी पोस्टरवरून शब्द उचलताना जपून.) खोबणीत बोटं रुतवून, हात भरून आले तरी सोडत नाही ती चिवट. वर पोचून दिवसभर ऊन-वारा सोसते ती कणखर. आणि खाली उतरल्यावर जास्त पैसे मागणाऱ्या जीपवाल्याला एका वाक्यात गप्प करते ती खमकी. खमकेपणाला समोर माणूस लागतो. दगडापुढे कुणी खमकं नसतं. या नायिकेला ‘खमकी’ चालेल, कारण ती खलनायकाला सुनावते. पण कड्याच्या चित्राखाली तो शब्द छापू नका.

‘धडाडी’ हे नाम आहे. ‘धडाडी नायिका’ चूक, ‘धडाडीची नायिका’ बरोबर. ‘धाडसी’ला मात्र लिंगाचं बंधन नाही: धाडसी मुलगा, धाडसी मुलगी.

विशेषण मुळातच न लावण्याचीही एक रीत आहे. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती रंगवली ती अण्णा साळुंके या पुरुष नटाने. त्यानंतर २२ वर्षांनी, १९३५ मध्ये, वाडिया मूव्हिटोनच्या ‘हंटरवाली’त नायिका नादिया स्वतःच मारामाऱ्या आणि उड्या करत होती. नाव बघा: शूर नाही, वीर नाही, नुसती हंटरवाली. मूळ इंग्रजीत हंटर म्हणजे शिकारी, आपल्याकडे त्याचा चाबूक झाला, आणि हातातल्या वस्तूवरून बाईची ओळख ठरली. ‘वाली’ने जे साधलं ते तीन विशेषणांनी साधलं नसतं.

तेव्हा पत्रकात हे चालेल: ‘कडा समोर आला तर चढते, जीप बंद पडली तर बॉनेट उघडते. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी न पिणारी धाडसी, खमकी नायिका.’ जागा कमी पडली तर विशेषणं कापा, क्रियापदं ठेवा.