मोठ्या खुर्च्यांवर कोण बसणार हे ठरतं कुठे? तुमचे प्रश्न

प्रश्न: यूएनचा महासचिव 193 देश मिळून निवडतात ना, मग सगळे पाच देशांच्या नावाने का ओरडतात?

कागदावर निवडतात हो. सनदेचं कलम 97 म्हणतं सुरक्षा परिषदेने शिफारस करायची आणि आमसभेने नेमायचं, पण परिषद पाठवते एकच नाव, मग आमसभेला टाळ्या वाजवण्याशिवाय काम काय उरतं? खरा खेळ बंद दाराआड. तिथे आधी चाचणी मतदान होतं, पुढच्या फेऱ्यांत पाच कायम सदस्यांना (अमेरिका, रशिया, चीन, ब्रिटन, फ्रान्स) वेगळ्या रंगाच्या मतपत्रिका देतात आणि त्यातली एक जरी ‘नको’ निघाली तरी गडी बाद. 1996 ला तेव्हाचे महासचिव बुत्रोस घाली यांना दुसऱ्या टर्मसाठी परिषदेच्या 15 पैकी 14 मतं होती, एकट्या अमेरिकेने व्हेटो (नकाराधिकार) टाकला, विषय संपला. 1981 ची तर कमालच, तेव्हाचे महासचिव वाल्डहाइम यांना चीनने 16 फेऱ्या अडवून धरलं, समोरचे उमेदवार टांझानियाचे सलीम यांना अमेरिका अडवत राहिली, शेवटी दोघंही बाजूला झाले आणि पेरेझ द क्युलार यांचं नाव पुढे आलं, कारण त्यांच्यावर कुणाचा राग नव्हता! माझी तक्रार हीच आहे, कुणाला खुपत नाही हेच इथे क्वालिफिकेशन होऊन बसतं. वर ज्या पाच जणांना महासचिवाने प्रसंगी सुनवायला हवं, त्याची दुसरी टर्म त्यांच्याच हातात.

प्रश्न: अजय बंगा वर्ल्ड बँकेचे प्रमुख झाले म्हणजे अमेरिकेची मक्तेदारी मोडली असं म्हणता येईल का?

नाही. बंगा जन्माने भारतीय असले तरी नागरिक अमेरिकेचे, आणि 2023 मध्ये त्यांचं नाव सुचवलं बायडेन यांनी. वर्ल्ड बँकेचं प्रमुखपद अमेरिकेला, आयएमएफचं (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) युरोपला, ही वाटणी 1946 पासून चालू आहे आणि गंमत म्हणजे ती कुठल्याच नियमात लिहिलेली नाही. अमेरिका, युरोप, जपान एकत्र आले की आयएमएफमध्ये निम्म्याहून जास्त मतं होतात, मग बाकीच्यांनी कितीही चांगला उमेदवार आणा. 2011 ला मेक्सिकोचे कार्स्टेन्स उभे होते, सेंट्रल बँकेचे गव्हर्नर, निवड झाली फ्रान्सच्या लगार्द यांची. आणि 2019 ला बल्गेरियाच्या जॉर्जिएवा आयएमएफ प्रमुखपदासाठी 65 ची वयोमर्यादा ओलांडून गेल्या होत्या तर मर्यादाच काढून टाकली (वयाची अट गेली त्याचं दुःख नाही, पण ती नेमकी तेव्हाच कशी आठवते?).

प्रश्न: 2016 पासून यूएन महासचिवपदाच्या उमेदवारांच्या जाहीर मुलाखती होतात, मग काय फरक पडला?

थोडा पडला. निदान नावं कळतात, प्रश्न विचारता येतात. पण त्या वर्षी 13 उमेदवारांत 7 बायका होत्या आणि निवडले गेले गुटेरेस, आजवरचे नऊच्या नऊ महासचिव पुरुषच. मुलाखत उघड्यावर, निकाल आत.

प्रश्न: मग सरळ मतदान घ्यावं, की सर्वसंमती बरी?

सर्वसंमती ऐकायला छान वाटते पण डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटना) बघा, 2020 ला प्रमुखपदासाठी नायजेरियाच्या ओकोन्जो-इवेला यांच्या मागे बहुतेक देश उभे असताना एकट्या अमेरिकेने अडवलं, तिथलं सरकार बदललं तेव्हा कुठे फेब्रुवारी 2021 ला त्यांची निवड झाली. मी तरी मतदानाच्या बाजूने. डब्ल्यूएचओने (जागतिक आरोग्य संघटना) 2017 ला प्रमुख निवडताना ते करून दाखवलं, तीन नावं सगळ्या सदस्य देशांसमोर ठेवली, गुप्त मतदान, टेड्रॉस जिंकले. लॉबिंग तिथेही होतं, पण एका देशाच्या हट्टाने खोळंबा होत नाही.