दिवस गेले म्हणून राजीनामा द्यावा का?

गरोदर असलेल्या नोकरदार स्त्रिया समुपदेशनासाठी येतात, तेव्हा 'ऑफिसात सांगितले तर नोकरी राहील का?' हा प्रश्न बहुतेकींच्या मनात असतो. एका खासगी कंपनीत वर्षभराच्या करारावर काम करणारी एक तरुणी मात्र ऑफिसात सांगून मोकळी झाली होती, आणि तिची झोप त्यानंतर उडाली होती. पाचव्या महिन्यात तिने वरिष्ठांना बातमी दिली. काही दिवसांतच मनुष्यबळ विभागाने तिला बोलावून अतिशय गोड शब्दांत सुचवले की, 'आता विश्रांती घ्या, राजीनामा देऊन टाका, बाळ मोठे झाले की पुन्हा बघू.' राजीनाम्याचा मजकूरही तयार होता, तिची सही तेवढी बाकी होती. घरातूनही 'कशाला जिवाला त्रास, सोडून दे' असाच सूर निघत होता. (काळजीपोटी दिलेला हा सल्ला कंपनीच्या किती सोयीचा ठरतो, हे घरच्यांच्या लक्षात येत नाही.)

'मी करारावरची, कायमची नाही; मला कसला हक्क?' असे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिच्या भीतीला खरे कारण होते, त्यामुळे केवळ मन शांत करण्याचे उपाय सुचवणे मला अपुरे वाटले आणि आम्ही आधी कायदा समजून घेतला. 1961 चा प्रसूती लाभ कायदा कायम आणि कंत्राटी असा भेद करत नव्हता. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या 12 महिन्यांत त्या आस्थापनेत किमान 80 दिवस काम झालेले असले, की हक्क लागू होतो. दिल्ली महानगरपालिकेच्या रोजंदारीवरील स्त्रियांना हा लाभ मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितले होते; आणि 2023 मध्ये त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की कराराची मुदत मध्येच संपली तरी लाभ पूर्ण काळाचा द्यावा लागतो. 2017 च्या दुरुस्तीनंतर हा काळ 26 आठवड्यांचा झाला आहे, त्यातील जास्तीत जास्त 8 आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. आधीची दोन मुले हयात असतील तर मात्र 12 आठवडेच मिळतात. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 ने घेतली आहे आणि तिच्यातही या मूळ तरतुदी कायम आहेत.

खरी मेख राजीनाम्यात होती. प्रसूती रजेवर असताना किंवा त्या रजेमुळे कामावरून काढणे बेकायदेशीर आहे, आणि रजेआधी, गरोदरपणात काढले तरी, गंभीर गैरवर्तनाचा अपवाद सोडल्यास, लाभ बुडत नाही. अशा आदेशाविरुद्ध 60 दिवसांत अपील करता येते. हे संरक्षण कंपनीने काढून टाकण्यापासून आहे. स्वतःच्या सहीने नोकरी सोडली, की ती सही दबावाखाली झाली हे सिद्ध करण्याचा भार त्या स्त्रीवरच येतो, आणि बंद दाराआड झालेल्या गोड बोलण्याचा पुरावा सहसा कोणाकडेच नसतो. म्हणूनच काढून टाकण्याचे पत्र देण्याऐवजी राजीनामा मागितला जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही सही करू नकोस, असे मी तिला सांगितले नाही. तो निर्णय तिचाच होता. नोकरी हवी आहे का, एवढेच मी विचारले. 'हवी आहे,' हे उत्तर तिने इतक्या चटकन दिले, की तिचे तिलाच आश्चर्य वाटले. मग नकार कसा द्यायचा याचा आम्ही सराव केला, कारण 'नाही' म्हणताना तिचा आवाज बसत असे. 'मी राजीनामा देणार नाही, प्रसूती रजेचा अर्ज देणार आहे,' हे एकच वाक्य, स्पष्टीकरण न जोडता, ती म्हणत राहिली. रजा कधीपासून हवी ते लिहिलेला अर्ज, सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र, आणि बैठकीत काय बोलणे झाले ते नोंदवणारा विनम्र ईमेल, असे तिने एकाच दिवशी पाठवले. पतीलाही एका सत्रात बोलावले, तेव्हा राजीनाम्याने सहा महिन्यांचे वेतन जाईल हे त्याला पहिल्यांदाच समजले.

कंपनीने काही दिवस मौन पाळले आणि नंतर रजा मंजूर केली. करार रजेच्या काळातच संपला व त्याचे नूतनीकरण झाले नाही, पण 26 आठवड्यांचे वेतन तिला पूर्ण मिळाले. नव्या नोकरीच्या मुलाखतीत तान्ह्या बाळाबद्दल विचारले तर किती सांगावे, हा तिचा पुढचा प्रश्न होता आणि त्यासाठी ती पुन्हा आली.